नाटकाचे तीन कागद

नाटक एका रात्रीत संपते. मागे उरतात ते कागद. मराठी रंगभूमीचे असे कागद मुख्यतः तीन प्रकारचे असून प्रत्येकाची साक्ष निराळी आहे.

पहिले हस्तपत्रक. ते खेळापूर्वी गावात वाटीत. त्यावर नाटकाचे नाव, स्थळ, वार व तिकिटाचे दर असत. सन मात्र पुष्कळदा नसे, कारण त्या कागदाचे आयुष्यच आठवड्याचे! दुसरे पदांचे पुस्तक. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. ऐकलेली पदे रसिकांस घरी न्यावीशी वाटू लागली. या पुस्तकात शब्द मिळतात. प्रयोग कसा रंगला, हे मिळत नाही. तिसरी स्मरणिका. ती नटांची नावे देते आणि जाहिरातींतून आश्रयदात्यांचीही ओळख करून देते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व वैनगंगेकाठचे बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. अशा सीमेवरील मराठी प्रयोगांची स्मृती ग्रंथांपेक्षा घरच्या पेटीतील कागदांवरच अधिक विसंबून असते. हस्तपत्रकावर तारीख, वार व तिथी असल्यास जुन्या पंचांगावरून सन ताडता येतो. नुसता वार असेल, तर जाणत्या वडीलधाऱ्यांनाच विचारले पाहिजे. ते आहेत तोवर कागदाच्या पाठीवर सन लिहून ठेवणे, हेही इतिहासलेखनच होय.