बडग्या आणि टोपलीतला सॉक्रेटिस

बडग्या म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. भाववाढ, भ्रष्टाचार, रोगराई, पुढारी. त्या वर्षी ज्याने लोकांना गांजले त्याचा पुतळा, वर टोमण्याची पाटी. शेवटी दहन. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सलाही असा दिवस होता. डायोनायसस देवाच्या उत्सवात विनोदी नाटकांची स्पर्धा होई आणि नाटककार भर सभेत, नाव घेऊन, बड्याबड्यांची टर उडवीत. इ.स.पू. ४२३ मध्ये ॲरिस्टोफेनिसने ‘मेघ’ नाटकात सॉक्रेटिसला धरले. तो टोपलीत बसून अधांतरी लोंबकळतो. त्याच्या शाळेत पैसे घेऊन खोट्याचे खरे करायला शिकवतात. एक कर्जबाजारी बाप मुलाला तिथे धाडतो. मुलगा शिकून येतो, बापालाच बडवतो आणि ते न्याय्य कसे, हेही पटवू लागतो. अखेर बाप ती शाळाच पेटवतो.

नाटक स्पर्धेत मागे पडले. पण चित्र लोकांच्या मनात राहिले. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या जबाबात तो या नाटकाचा उल्लेख करतो. आपण शिकवण्याचे पैसे घेत नाही, असेही सांगतो. शिक्षा झाली मृत्यूची.

आपल्या वर्गात हे नाटक शिकवायचे तर मारबतीपासून सुरुवात करावी. मुलांना स्वतःचा बडग्या करू द्यावा. व्यंग कशाला म्हणतात ते व्याख्येविना कळेल. मग काळ्या मारबतीकडे वळावे. कोणी तिला पूतना म्हणतात, तर कोणी इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई. पण १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाल्यावर बालराजाची देखभाल बाकाबाईकडे आली, तेव्हा राज्यकारभार रेसिडेंट जेनकिन्सच्या हाती होता. मग दोष कोणाचा किती? हा प्रश्न मुलांनीच सोडवावा.

भाववाढीच्या पुतळ्याला हसलो, तर सत्तेला जाब विचारला जातो. एखाद्या माणसाच्या, जातीच्या, जमातीच्या पुतळ्याला न तपासता हसलो, तर ते चित्रच पुढे साक्षीदार म्हणून उभे राहते. बडगे दरवर्षी नवे असतात. काळी मारबत मात्र तीच असते.