पाव आण्याचें पत्र

१८३७ च्या सुमारास कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचें पत्र धाडावयाचें तर एक रुपया पडे. टपालाचा दर अंतरावर ठरे. आप्त जितका दूर, तितकी त्याची खुशाली महाग.

१ ऑक्टोबर १८५४ पासून हा हिशेब पालटला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पुण्यास जावो वा पेशावरास. इंग्लंडांत रोलंड हिल यांच्या खटपटीनें १८४० सालीं पेनीचें टपाल सुरू झालें होतें. तेव्हां मुंबई इलाख्यांत असलेल्या सिंधमध्यें बार्टल फ्रिअर यांनीं १८५२ सालींच अर्ध्या आण्याचें तिकीट काढलें होतें.

पण तो अर्धा आणाही वांचविणारे बहाद्दर निघालेच! पत्र बिनतिकिटाचें, म्हणजे 'नॉटपेड' धाडावें; त्याचें दुप्पट हंशील घेणाऱ्यानें द्यावें, असा नियम. घेणारा पाकीट उलटसुलट पाही, पत्त्याजवळची ठरलेली खूण ओळखी आणि सर्व कुशल आहे एवढें समजतांच पत्र परत करी. यास लबाडी म्हणण्यास माझें मन धजत नाहीं.

१८७९ च्या जुलैंत पाव आण्याचें कार्ड आलें. उघडें पत्र, वाटेंत कोणीही वाचावें! परंतु ज्या घरांत कोणासच अक्षरओळख नाहीं, तेथें पाकिटाच्या पडद्याचा उपयोग तो काय? पत्र पोस्टमननें किंवा पंतोजींनीं ओटीवर मोठ्यानें वाचावें आणि सर्वांनीं ऐकावें. कोपरा फाडलेलें कार्ड मात्र निरक्षरासही वाचतां येई. तें मृत्यूची वार्ता घेऊन येई.

१८८० पासून मनिऑर्डरीचें कामही टपाल खात्याकडे आलें आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोंकणी माणसाची कमाई घरपोंच होऊं लागली. पत्राचा मायना मात्र 'तीर्थरूप' वडिलांच्या नांवें. 'मुलांस आशीर्वाद' या दोन शब्दांत बायकोनें आपला वाटा शोधावा! दर उतरला तरी तिच्या वाट्यास पत्र आलें नाहीं; त्यास अक्षरच हवें होतें.

म्हणूनच सावित्रीबाई फुले यांचीं ज्योतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें मला मोलाचीं वाटतात. पहिलें १८५६ चें. आजारपणांत नायगांवीं माहेरीं असतांना भावानें पतिपत्नींच्या कार्यास दूषण दिलें, तेव्हां त्यास आपण काय उत्तर दिलें, हें त्या पतीस स्वहस्तें कळवितात. तिसरें १८७७ चें, ओतूरहून लिहिलेलें. त्यांत दुष्काळाची हकीकत आहे.