सर्दी, खोकला आणि ॲलर्जीची औषधे : निवड करताना घ्यावयाची दक्षता

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत २० हून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. यातील अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला हलवण्यात आले होते. या मुलांना साधा सर्दी-खोकला आणि ताप होता, आणि त्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप देण्यात आले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलेल्या एसआर-१३ या बॅचच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. औषधात या द्रव्याची अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्के इतकी आहे. उत्पादक कंपनीचा परवाना त्यानंतर रद्द करण्यात आला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १३ ऑक्टोबर २०२५ रोजी इशारा प्रसिद्ध केला.

या प्रकरणात औषध चोरून विकले गेले नव्हते. ते परवानाधारक कारखान्यात तयार झाले होते आणि डॉक्टरांनी लिहूनही दिले होते. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषध घेऊ नये, हा नेहमीचा सल्ला योग्य असला तरी तेवढाच पुरेसा नाही. औषध कोणते घ्यावे या प्रश्नाच्या आधी औषधाची गरज आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे द्रव्य असून ब्रेक ऑइल, गोठणरोधक द्रव इत्यादींमध्ये ते वापरले जाते. ते रंगहीन आणि चवीला गोडसर असते. सिरपमध्ये औषधी घटक विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. हा कच्चा माल औद्योगिक दर्जाचा घेतला गेला आणि त्याची चाचणी टाळली गेली, तर विष थेट बाटलीत उतरते. पोटात गेल्यावर उलट्या, पोटदुखी आणि त्यानंतर लघवी कमी होणे वा थांबणे अशी लक्षणे दिसतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. जम्मूमधील उधमपूर जिल्ह्यात २०१९-२० च्या हिवाळ्यात आणि गांबियामध्ये २०२२ साली मुलांचे बळी गेले, तेही याच प्रकारे. रंग, वास किंवा चव यांवरून हे विष ओळखणे ग्राहकाला शक्य नाही. अनावश्यक बाटली घरात न आणणे हाच काय तो त्याच्या हातातील उपाय.

छिंदवाड्याच्या घटनेनंतर आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील बालकांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत व विकूही नयेत. पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. त्यापुढील वयात वैद्यकीय तपासणीनंतरच, योग्य मात्रेत, कमीत कमी दिवस आणि अनेक औषधांचे मिश्रण टाळून ती द्यावीत, असे या सूचनांत म्हटले आहे.

यामागील कारण केवळ भेसळीचे नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. या औषधांनी ती लवकर बरी होत नाही. लहान मुलांमध्ये तर खोकला कमी होण्याचा फायदाही नीट सिद्ध झालेला नाही. उलट गुंगी, श्वास मंदावणे, हृदयाचे ठोके वाढणे यांसारखे दुष्परिणाम मात्र संभवतात. पुरेसे द्रवपदार्थ, विश्रांती आणि चोंदलेल्या नाकासाठी सलाइनचे थेंब एवढ्यावर बहुतेक मुलांचे भागते. एक वर्षावरील मुलांना झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध दिल्यास खोकल्याची उबळ कमी होते. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. उकळत्या पाण्याचे भांडे मुलाच्या पुढ्यात ठेवून वाफ देण्याची पद्धत घरोघरी असली तरी त्यात भाजण्याचा धोका मोठा आहे. कापूरयुक्त मलम दोन वर्षांखालील मुलांच्या अंगाला चोळू नये.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मुख्य अडचण आहे ती मिश्रणांची. बाजारातील 'सर्दीची गोळी' ही प्रत्यक्षात तीन-चार औषधांची मोट असते : तापासाठी पॅरासिटामॉल, शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन, नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन आणि कधी कधी कॅफीन. केवळ नाक वाहत असलेला रुग्ण अशा गोळीतून तापाचे औषधही विनाकारण घेतो. शिवाय अंग दुखते म्हणून त्याने पॅरासिटामॉलची दुसरी गोळी घेतली, तर मात्रा नकळत दुप्पट होते. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची २४ तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. त्याहून अधिक मात्रा यकृतास घातक ठरू शकते. यकृताचा विकार असणाऱ्यांसाठी व नियमित मद्यपान करणाऱ्यांसाठी ही मर्यादा आणखी कमी असते.

फेनिलेफ्रिनविषयी तर वेगळाच प्रश्न आहे. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळे होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने काढला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये भारतीय औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे एक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ औषधी मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत सर्दी, खोकला व ॲलर्जीवरील मिश्रणांचाही समावेश होता.

म्हणून वेष्टनावरील ठळक नावापेक्षा त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक महत्त्वाचे. एकाच नावाच्या पुढे 'प्लस', 'डीएक्स', 'पीडी' असे काही जोडले की आतील औषधे बदलतात. जो त्रास आहे त्यावरचा एकच घटक असलेले औषध मागणे केव्हाही श्रेयस्कर.

खोकल्याच्या बाबतीत कोरडा आणि कफयुक्त असा भेद करावा लागतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची संवेदना दाबते. छातीत कफ असताना ते घेणे योग्य नाही, कारण खोकला हीच कफ बाहेर टाकण्याची शरीराची व्यवस्था आहे. नैराश्यावरील काही औषधांबरोबर ते घेतल्यास गंभीर परिणाम होऊ शकतात. खोकला दाबणारे आणि कफ बाहेर काढणारे घटक एकाच बाटलीत असलेली सिरपही मिळतात. त्यामागील तर्क समजणे कठीण आहे. कोडीनयुक्त औषधे सवय लावणारी असून १२ वर्षांखालील मुलांना ती देऊ नयेत.

ॲलर्जीचे स्वरूप निराळे असते. सर्दीसारखी ती आठवड्यात जात नाही. सतत शिंका, नाक व डोळ्यांना खाज, ताप नसणे आणि धूळ, परागकण वा बुरशी यांच्या संपर्कात त्रास वाढणे ही तिची लक्षणे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारख्या जुन्या औषधांनी झोप येते. ती घेऊन वाहन वा यंत्र चालवू नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि वृद्धांनी ती शक्यतो टाळावीत. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नंतरची औषधे तुलनेने कमी गुंगी आणतात, तरी सेटिरिझिनने काहींना झोप येतेच. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास शरीरात नीट शोषले जात नाही. ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे.

नाक दीर्घकाळ चोंदत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारखा स्टेरॉइडयुक्त नाकातील फवारा गोळ्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो. 'स्टेरॉइड' या शब्दामुळे अनेक रुग्ण तो नाकारतात. परंतु सांगितलेल्या मात्रेत त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात, हे लक्षात न घेता दोन दिवसांत तो सोडून देणारेही पुष्कळ. याउलट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तत्काळ आराम देतात, पण तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदू लागते आणि थेंबांवाचून झोप येईनाशी होते. माँटेलुकास्टमुळे काही रुग्णांमध्ये निद्रानाश, चिडचिड, नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार उद्भवू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेने मार्च २०२० मध्ये दिला. ॲलर्जीच्या साध्या सर्दीसाठी इतर उपाय असताना या औषधाने सुरुवात करू नये.

उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहींनी साखरयुक्त सिरप टाळावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनी कोणतेही मिश्रण स्वतःच्या मनाने घेऊ नये. प्रतिजैविकांचा विषाणूजन्य सर्दीवर उपयोग होत नाही.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयरोगाची तपासणी आवश्यक आहे. ती सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. धाप लागणे, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे, थुंकीत रक्त येणे, बाळाने दूध सोडणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घेत असलेल्या औषधाची बाटलीही सोबत न्यावी.

औषध घ्यावे लागलेच, तर पावती घ्यावी आणि बॅच क्रमांक व मुदत तपासावी. द्रव औषध घरातील चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. मोठ्या मुलासाठी आणलेली उरलेली बाटली धाकट्यासाठी वापरू नये. दुष्परिणाम आढळल्यास भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. औषधाच्या दर्जाविषयीची तक्रार राज्याच्या औषध प्रशासनाकडे करता येते.