जुन्नरच्या दगडाखाली

जुन्नर-आंबेगावात आपण डायनासोर का शोधत नाही? लेण्याद्री ज्यात कोरली तो काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि इथे तो फार जाड. त्याखालचे लॅमेटा थर उघडे पडतात ते पार चंद्रपूरकडे. तिथल्या डोंगरगावात १९८०च्या दशकात एका अवाढव्य, लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचे मणके आणि पुढच्या पायाची हाडं मिळाली. कवटी नाहीच! २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ नाव मिळालं, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. मग तो खायचा काय? जवळच्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत २००५ साली गवताचे सूक्ष्म कण ओळखले गेले. डायनासोरांच्या काळात गवत! ती विष्ठा याचीच, असं मात्र आपण छातीठोकपणे म्हणू शकत नाही.