सक्रिय विभंगांचे नकाशांकन (बीड जिल्हा)

सक्रिय विभंगांचे नकाशांकन म्हणजे भूशास्त्रीय दृष्ट्या अलीकडच्या काळात ज्यांच्या लगत खडक सरकले आहेत आणि पुढेही सरकण्याचा संभव आहे, असे विभंग शोधून नकाशावर नोंदविणे. विभंगाची लांबी, खोली व सरकण्याची गती यांवरून संभाव्य भूकंपाची कमाल महत्ता अजमावली जाते आणि त्यावरून एखाद्या ठिकाणी जमीन किती तीव्रतेने हादरेल याचे गणित मांडले जाते. गेल्या सुमारे दहा-अकरा हजार वर्षांत हालचाल झालेला विभंग सामान्यतः सक्रिय मानतात. अणुऊर्जा प्रकल्पांसारख्या बांधकामांसाठी याहून जुन्या हालचालीही विचारात घेतल्या जातात.

भूरचना आणि अडचणी

उत्तरेस गोदावरी, मध्यभागी बालाघाटची रांग आणि दक्षिण सीमेवर मांजरा अशी बीड जिल्ह्याची ठेवण आहे. जवळजवळ सर्व जिल्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट थरांनी झाकलेला आहे. मूळ पायाभूत खडक व त्यातील जुने विभंग या थरांखाली दडलेले असल्याने ते पृष्ठभागावर क्वचितच दिसतात. त्यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि या उलथापालथीत भूकंपाच्या खुणा पुसल्या जातात. उन्हाळी भेगांनाच भूकंपाच्या भेगा समजण्याची चूकही होते. उपग्रहचित्रांत नद्यांची पात्रे सरळ रेषेत जाताना किंवा अचानक वळताना दिसतात. परंतु अशी प्रत्येक रेषा विभंग नसते. ती खडकातील साधी संधी किंवा भित्तीही असू शकते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगड-मातीच्या भिंती व त्यांवरील जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. तत्कालीन अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता आणि भूकंप घडविणारा विभंग कोणत्याही नकाशावर नव्हता. १९९२ मध्ये, विशेषतः ऑक्टोबरात, किल्लारीला अनेक धक्के जाणवले होते, ही बाब येथे विसरता येत नाही.

भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल वेधनविवर घेतले. त्यात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवसादी खडकाचा आठ मीटरांचा पातळ थर आणि मग पायाचा नीस खडक लागला. तेर (प्राचीन तगर) येथील नदीकाठच्या थरांत प्राचीन भूकंपाच्या विरूपणाच्या खुणा असल्याचे संशोधकांनी १९९७ मध्ये मांडले. भूकंपलेखन यंत्रांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या असल्याने, एखादा विभंग हजारो वर्षांनी एकदाच हलत असेल तर त्याची साक्ष अशा थरांतूनच मिळू शकते.

पद्धती

उपग्रहचित्रे, प्रत्यक्ष भूभ्रमंती, गुरुत्व व चुंबकीय सर्वेक्षण, विभंगावर आडवे चर खणून थरांचे कालमापन आणि लहान धक्क्यांच्या नोंदी यांचा मेळ घालावा लागतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा देशाचा भूकंप-विवर्तनी नकाशासंग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये सुधारलेल्या भारतीय मानकात पहिला विभाग काढून टाकण्यात आला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

जेथे विभंग सापडत नाही तेथे ‘क्षेत्रीय स्रोत’ गृहीत धरतात. म्हणजे त्या प्रदेशात कोठेही ठरावीक महत्तेपर्यंतचा भूकंप होऊ शकतो असे मानून गणित करतात. विभंग झाकलेल्या बीडसारख्या प्रदेशांना ही रीत लागू पडते. मात्र एकाच धक्क्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो: गोदाकाठच्या गाळावर व जाड काळ्या मातीवर कंपने वाढतात, तर बालाघाटच्या उघड्या खडकावर ती तुलनेने कमी राहतात.