लिबर्टीवर दोन तास

तर मंडळी, या विकांताला जरा जुनी गोष्ट. झेंड्याची आहे, पण आपल्या नाही, दुसऱ्यांच्या.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचं छोटं राज्य आहे. तिथल्या व्हाइट माउंटन्समध्ये ४,००० फुटांहून उंच अशी ४८ शिखरं मोजतात. दरवर्षी ११ सप्टेंबरच्या आसपासच्या एका शनिवारी हौशी डोंगरभटके आपापसांत ही शिखरं वाटून घेतात, पहाटे चढायला लागतात, दुपारी बाराला प्रत्येक शिखरावर अमेरिकेचा झेंडा उभारतात आणि दोन वाजता उतरवून घरी जातात. बस, एवढंच. 'फ्लॅग्स ऑन द फॉर्टीएट' असं या उपक्रमाचं नाव. झेंडे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात गेलेल्या २,९७७ माणसांसाठी.

४८ हा आकडा कुठून आला? १८७६ साली स्थापन झालेल्या ॲपलाचियन माउंटन क्लबने १९५७ मध्ये 'चार हजारी' शिखरं चढणाऱ्यांचा एक वेगळा क्लब काढला. नियम दोन. उंची किमान ४,००० फूट हवी, आणि शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या खिंडीपासून किमान २०० फूट उठाव हवा (नाहीतर प्रत्येक टेंगूळ 'मी पण शिखर' म्हणत रांगेत उभं राहील!). आपल्याकडे लोक किल्ले मोजतात तसे तिकडचे लोक ही शिखरं मोजतात. मीही मोजली. ३१ वर अडकलोय आणि आता गुडघे म्हणतात, पुरे.

सुरुवात अशी झाली. १५ सप्टेंबर २००१ च्या शनिवारी, म्हणजे हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, सहा जण माउंट लिबर्टीवर झेंडा घेऊन चढले. उंची ४,४५९ फूट, माथा उघडा आणि खडकाळ. ४८ मध्ये त्याहून उंच शिखरं बरीच आहेत, पण नावाचं काय करणार, लिबर्टी! पुढच्या वर्षी कल्पना वाढत वाढत सगळ्या ४८ वर गेली.

न्यू इंग्लंडला हे का लागलं ते नकाशा बघितला की कळतं. न्यूयॉर्कच्या दोन मनोऱ्यांवर आदळलेली दोन्ही विमानं बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून सुटली होती. अमेरिकन ११ ने ७:५९ ला उड्डाण केलं आणि ८:४६ ला ते उत्तरेच्या मनोऱ्यात घुसलं. युनायटेड १७५ ने ८:१४ ला उड्डाण केलं आणि ९:०३ ला ते दक्षिणेच्या. दोन्ही लॉस एंजेलिसला निघालेली. विमानात इकडचीच माणसं बरीच. अमेरिकन ११ चे कॅप्टन जॉन ओगोनोव्स्की मॅसॅच्युसेट्सच्या ड्रेकट गावचे शेतकरी. विमानाची ड्यूटी नसली की हा माणूस ट्रॅक्टरवर. कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या लोकांना त्यांनी आपल्या जमिनीवर भाजीपाला पिकवायला दिलं होतं. डोळ्यांसमोर आणून बघा.. कंबोडियन बायाबापे, त्यांच्या भाज्या, आणि मध्ये गप्पा मारत उभा असलेला एक गोरा पायलट.

आणि त्याच विमानात ९बी या सीटवर डॅनियल लेविन होता. आपल्या धंद्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे कोण जाणे. वय ३१, एमआयटीत पीएचडी करत होता, १९९८ मध्ये सुरू झालेल्या अकामाईच्या संस्थापकांपैकी एक. १९९७ च्या 'कन्सिस्टंट हॅशिंग'वरच्या पेपरात त्याचं नाव आहे. ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माहिती दहा सर्व्हरांवर वाटलेली असेल आणि त्यातला एक मेला, तर साध्या पद्धतीत वाटणीचा सगळा हिशोबच बदलतो आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका जागेवरून दुसरीकडे हलवावी लागते. लेविन आणि मंडळींच्या पद्धतीत सगळे सर्व्हर एका वर्तुळावर बसवलेले असतात. एक गेला तर फक्त त्याच्या वाट्याचं काम पुढचा उचलतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. आज आपण जे डेटाबेस आणि कॅश वापरतो त्यांतल्या कितीतरींच्या पोटात ही कल्पना आहे. ९/११ आयोगाच्या अहवालानुसार, लेविनच्या मागच्याच सीटवर बसलेल्या अपहरणकर्त्याने त्याला बहुधा तिथेच भोसकलं. त्याच सकाळी सगळं जग बातम्यांच्या साइटवर तुटून पडलं, आणि तो लोंढा पेलणाऱ्यांत त्याच्याच कंपनीचे सर्व्हर होते.

मी तेव्हा तिथून जेमतेम दहा मैलांवर होतो. मार्च २००० मध्ये एच-१बी वर आलेला, डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर बेंचवर बसलेला, वॉल्टहॅममध्ये तीन जणांत एक अपार्टमेंट. मंगळवारी सकाळी हापिसात सगळे एका टीव्हीसमोर गोळा झाले. माझ्या बाजूला उभी असलेली रिसेप्शनवरची बाई रडत होती आणि काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. दोन दिवसांनी एकदाचा सातारचा फोन लागला. आईने "कसा आहेस" विचारलं नाही. म्हणाली, "दाढी काढून टाक आधी."

काढली. शिवाय दोन डॉलर देऊन गाडीच्या काचेला अडकवायचा प्लास्टिकचा झेंडाही आणला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. झेंडा ही आपल्या पिढीच्या दृष्टीने शाळेतली वस्तू. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कडक इस्त्रीचा गणवेश, चिक्की, संपलं. सामान्य नागरिकाने एरवी कधीही घरावर तिरंगा लावायला मुभाच नव्हती. ती मिळाली २६ जानेवारी २००२ ला, नवी ध्वजसंहिता लागू झाली तेव्हा. झेंडा लावणं हा नागरिकाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदाल खटल्यात म्हटलं ते २००४ मध्ये. त्यामुळे गॅरेजवर, टपाल पेटीवर, न्हाव्याच्या दुकानावर झेंडे लावणारा हा देश मला आधीपासूनच चमत्कारिक वाटायचा. आता तर तो पुलांवर, ट्रकवर, सगळीकडेच. देशी दुकानांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या काचांवर सगळ्यांत मोठे. त्यातले काही श्रद्धेने लावलेले होते, काही जीव वाचवायला. माझा कुठला ते तुम्ही ओळखलं असेलच.

भीती हवेतली नव्हती. ज्या शनिवारी ते सहा जण लिबर्टीवर चढत होते, त्याच १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलझाडं लावत होते. पंजाबातून आलेले, पगडी, दाढी. एका माणसाने ट्रकमधून येऊन त्यांना गोळ्या घातल्या. त्याला ते मुसलमान, अरब, असं काहीतरी वाटले. (आणि असते तरी काय?) अटक झाली तेव्हा हा इसम स्वतःला देशभक्त म्हणवून घेत होता. सोधींनी त्याच दिवशी हल्ल्यातल्या पीडितांच्या निधीत खिशात होते तेवढे ७५ डॉलर टाकले होते.

एकच तारीख, एकच झेंडा. मला अजूनही या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

माझा प्लास्टिकचा झेंडा डिसेंबरपर्यंत टिकला. हायवेच्या वाऱ्याने त्याच्या चिंध्या झाल्या. एका रात्री, कुणी बघत नाही असं बघून, तो अपार्टमेंटमागच्या कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये टाकला. वर पिझ्झाचा खोका ठेवला.

पुढे सहा वर्षांनी, २००७ च्या सप्टेंबरात, हापिसातल्या एका मित्राने विचारलं, येतोस का, लिबर्टीसाठी सामान उचलायला माणसं हवी आहेत. डोंगर म्हटल्यावर मी कुठेही जातो. मी फक्त हमाली करणार, असं ठरवून गेलो.

पायथ्याशी फ्रँकोनिया खिंड. समोरच्या कॅनन डोंगराच्या कड्यावर पूर्वी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा खडक होता, 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. या राज्याचं ते चिन्ह. ३ मे २००३ ला तो चेहरा कोसळला. तरी लोक येऊन रिकाम्या कड्याचे फोटो काढतात. वाट चार मैलांची, वर जाताना चांगलीच खडी. माझ्याकडे पाइपचे दोन तुकडे आणि दोऱ्यांचं भेंडोळं. डोंगरात खड्डा खणायचा नाही, उंचावरच्या नाजूक वनस्पतींवर पाय द्यायचा नाही, त्यामुळे पाइप एकमेकांत बसवून काठी करायची आणि ती दोऱ्यांनी खडकांना ताणून बांधायची. वाऱ्याला इथे गृहीत धरत नाहीत. याच रांगांमधल्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ ला ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला आहे.

वाटेत आमच्यातल्या साठीच्या एका आजोबांनी मला बाकीच्या शिखरांची गंमत सांगितली. वॉशिंग्टनवर १८६१ पासून गाडीरस्ता आहे, १८६९ पासून रेल्वे. तिथला झेंडा हॉट डॉग खाणारे शेकडो लोक बघतात. याच्या उलट आउल्स हेड. येऊन-जाऊन १८ मैल, मध्ये ओढे ओलांडायचे, आणि माथ्यावर गच्च झाडी. झेंडा लावला तर दहा पावलांवरूनही धड दिसत नाही. मी म्हटलं, मग तिथे कशाला जायचं? ते म्हणाले, "यादीत आहे म्हणून." थोडं चालल्यावर म्हणाले, "मी तीन वेळा गेलोय. तिथे जास्त बरं वाटतं."

बाराला पाच कमी असताना काठी उभी राहिली. ढग येत-जात होते, लफायेट शिखर मधूनच दिसायचं. कुणी भाषण केलं नाही. एकाने लोगनवरून निघालेल्या दोन्ही विमानांतल्या लोकांची नावं वाचली. ओगोनोव्स्की ऐकलं, लेविन ऐकलं. मग दोन तास आम्ही पाळीपाळीने दोऱ्या धरून बसलो, कारण एक गाठ सारखी सैल होत होती. अनोळखी लोक यायचे, थांबायचे, टोपी काढायचे, सँडविच खायचे. मीही पोळीचा लाडू काढला आणि सगळ्यांना वाटला. मला कुणीच विचारलं नाही की तू कुठला.

दोन वाजता झेंडा उतरवला. खालची कडा जमिनीला लागू नये म्हणून ती धरायचं काम माझ्याकडे आलं. घडी घालताना आजोबा म्हणाले, कडा विरायला लागलीय, पुढच्या वर्षी नवीन आणायला हवा. मी विचारलं, जुन्याचं काय करता? टाकत नाही, म्हणाले, माजी सैनिकांच्या पोस्टवर नेऊन देतो, ते मानाने जाळतात. आपल्या ध्वजसंहितेतही जवळपास तेच लिहिलंय, एकांतात, शक्यतो जाळून. मी डंपस्टरबद्दल काही बोललो नाही. बोलायला हवं होतं बहुतेक, पण नाही बोललो.

घडी त्रिकोणी झाली, फक्त निळा भाग आणि तारे वर. आजोबांच्या सॅकमध्ये पाइप होते, म्हणून त्यांनी घडी माझ्याकडे दिली. माझ्या सॅकमध्ये लाडवांचा डबा, आणि डब्याला तूप लागलेलं. शेवटी रेनकोट काढून अंगात घातला, त्याच्या कोरड्या पिशवीत झेंडा ठेवला आणि ती पिशवी पुढे छातीशी बांधून उतरायला लागलो. पाऊस नव्हता, रेनकोटात घामाने नुसता निथळलो. चार मैल.