फिलिप स्प्रॅट : एका मतांतराची कथा



मतांतर हा शब्द आपल्याकडे फारशा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. एखाद्याने जुने मत टाकले की ‘ह्याला किती मिळाले?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो; ‘ह्याला काय दिसले?’ हा प्रश्न मागाहून सुचला तर सुचतो. आज ज्यांचे चरित्र मी आपणापुढे ठेवणार आहे, त्यांना हे दोन्ही प्रश्न विचारून पाहिले पाहिजेत. साम्यवादी क्रांतीचे बीज पेरण्यासाठी ते विलायतेहून ह्या देशात आले, आणि साम्यवादाचे कडवे टीकाकार म्हणून ह्याच देशाच्या मातीत विसावले. त्यांचे नाव फिलिप स्प्रॅट.

स्प्रॅट यांचा जन्म १९०२ सालचा, लंडनच्या कँबरवेल भागातला. वडील शाळामास्तर. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात गणित शिकू लागला, आणि तेथेच साम्यवादाकडे ओढला गेला. १९२६ च्या डिसेंबरात चोवीस वर्षांचा हा तरुण मुंबईत उतरला, तो पुस्तकविक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणून. खरे काम निराळे होते. मजूर-किसान पक्ष उभारून त्याच्या आश्रयाने साम्यवाद्यांना जनतेत पाय रोवता यावेत, ही कामगिरी कॉमिंटर्नने, म्हणजे मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेने, त्यांच्यावर सोपवली होती.

पुढच्याच वर्षी हिंदुस्थान आणि चीन ह्या विषयावरील एका पुस्तिकेबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. मुंबईच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. १९२८ साली गिरणगावात जो प्रचंड संप झाला, तो आपणांस ठाऊकच आहे. सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने बाहेर होते आणि गिरणी कामगार युनियन ह्या संपातूनच वाढली. स्प्रॅट ह्या चळवळीच्या आतल्या गोटात होते.

सरकारने २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड केली. मीरत कटाच्या खटल्यात प्रथम एकतीस आणि नंतर आणखी एक असे बत्तीस आरोपी झाले. त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, डॉ. अधिकारी, गिरणीतून वर आलेले अर्जुन आळवे, आणि खटला चालू असतानाच ज्यांचे निधन झाले ते पुण्याचे वृद्ध ठेंगडी, अशी आपली माणसे कितीतरी होती. तीन आरोपी इंग्रज होते. आरोप असा की, बादशहाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट त्यांनी केला. खटल्यासाठी मीरतच का निवडले? मुंबई-कलकत्त्यास ज्यूरी बसवावी लागली असती. मीरतेस ती अडचण नव्हती. जवळजवळ चार वर्षे हे प्रकरण चालले. जानेवारी १९३३ मध्ये स्प्रॅट यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती पुढे अलाहाबादच्या हायकोर्टाने बरीच कमी केली. १९३४ साली ते सुटले न सुटले तोच सरकारने त्यांना पुन्हा उचलून दीड वर्ष बेळगावच्या किल्ल्यात स्थानबद्ध केले.

सरकारला ह्या माणसाची हालचाल थांबवायची होती. ती थांबली खरी, पण वाचन आणि विचार करण्यास मात्र त्यांना मुबलक वेळ मिळाला. पक्षात असताना प्रश्नांची उत्तरे मॉस्कोहून ठरून येत. कोठडीत ती स्वतःच शोधावी लागत. गांधीजींची चळवळ आणि हिंदू समाजाचे मन हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. १९३९ साली गांधीवादाची चिकित्सा करणारे त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी मद्रासचे आद्य साम्यवादी सिंगारवेलू चेट्टियार यांच्या नात्यातल्या मुलीशी त्यांनी विवाह केला, आणि ते कायमचे इथले झाले.

त्याच साली, ३० नोव्हेंबरला, सोव्हिएट रशियाने चिमुकल्या फिनलंडवर स्वारी केली. एका साम्राज्याच्या दास्यातून एक देश सोडवावा म्हणून ज्याने घरदार सोडले होते, त्याने आता दुसऱ्या बलाढ्य सत्तेच्या आक्रमणाची भलावण करावी, अशी अपेक्षा होती. स्प्रॅट यांनी ती मानली नाही. साम्यवादाशी त्यांचे नाते तुटले. पुढे काही काळ ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात होते.

स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या ‘मिसइंडिया’ साप्ताहिकाचे संपादक ह्या नात्याने त्यांनी सरकारी नियंत्रणांवर आणि रशियाधार्जिण्या विचारावर सतत हल्ला चढवला. पुढे मद्रासेस राजाजींच्या ‘स्वराज्य’ पत्राचे संपादन केले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ‘ब्लोइंग अप इंडिया’. हिंदुस्थान उडवून देण्यास निघालेल्या स्वतःच्या तरुणपणाची ही थट्टाच होय.

आता तो पहिला प्रश्न. किती मिळाले? हा प्रश्न टाळता येणार नाही. १९५१ साली स्थापन झालेल्या, सांस्कृतिक स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या भारतीय संस्थेचे ते चिटणीस होते, आणि तिच्या मूळ आंतरराष्ट्रीय संघटनेला अमेरिकन गुप्तहेर खात्याकडून पैसा येत होता, हे १९६७ च्या सुमारास जगजाहीर झाले. परंतु तारखा पाहा. स्प्रॅट यांचे मन पालटले १९३९ मध्ये. ती आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली १९५० मध्ये. शिवाय विकला गेलेला लेखक गिऱ्हाइकाचे किंवा वाचकाचे मन सांभाळतो. काश्मीर खोऱ्यावरचा हक्क भारताने सोडून द्यावा, असे स्प्रॅट यांनी १९५२ साली भारतातच राहून लिहिले. ते मत आपणांस पटो वा न पटो, लोकप्रियतेसाठी ते कोणी लिहिणार नाही, एवढे निश्चित.

त्यांच्या विद्वत्तेची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९६६ साली मुंबईस प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू कल्चर अँड पर्सनॅलिटी’ ह्या ग्रंथात त्यांनी फ्रॉइडच्या शास्त्राने हिंदू मनाची फोड केली, आणि ते आत्मरत आहे असा निष्कर्ष काढला. परिश्रम थोर, वाचन अफाट. पण कोट्यवधी माणसांचा इतका विविध समाज एका सूत्रात बसवण्याचा तो हव्यास पाहिला की वाटते, मार्क्स सुटला तरी एकाच किल्लीने सर्व कुलुपे उघडण्याची सवय सुटली नव्हती. मत बदलणे कठीण. मत धरण्याची पद्धत बदलणे त्याहून कठीण.

८ मार्च १९७१ रोजी मद्रासेस स्प्रॅट यांचे निधन झाले. मीरतचे त्यांचे कित्येक सहकारी अखेरपर्यंत लाल निशाणाखाली राहिले, आणि त्यांचा त्यागही खोटा नव्हता. एकाच तुरुंगातून बाहेर पडलेली माणसे दोन वाटांनी गेली. त्यांतला प्रामाणिक कोण, हे वाटेवरून ठरत नाही. मन केव्हा पालटले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि आपल्या पालटाचा हिशेब त्याने जगापुढे मांडला की लपवला, एवढे तपासावे. स्प्रॅट यांनी आपला हिशेब छापून ठेवला आहे. तो वाचून मग त्यांच्याशी खुशाल भांडावे.